एकाच काठाचं गाणं

नवलचा आवाज मुळात चांगला होता. तो त्याने मेहनत करून बिघडवला. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला समूहगीताच्या पहिल्या रांगेत उभं करायचे त्याला. तोच नवल एकतिसाव्या वर्षी पोटातून, छातीतून आणि कुठून कुठून असा काही घोगरा आवाज काढायचा की पहिल्यांदा ऐकणारा माणूस पाण्याचा तांब्या शोधायला धावावा. मेटल संगीतात या आवाजाला ‘ग्राऊल’ म्हणतात. तो तीन वर्षं रोज सकाळी अर्धा तास त्याचा रियाज करत होता. सुट्टीला गावी गेला की आईला चुकवून मळ्यात जायचा, पण आईला ऐकू यायचंच.

“नवल, खोकला व्हयना का तुले?” ती विचारायची आणि अडुळशाचा काढा पुढे करायची. नवल तो पिऊन टाकायचा. समजावून सांगण्यापेक्षा काढा सोपा होता.

धुळ्यात तो एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. दिवसभर भिंगं पुसायची, लंबक मोजून ठेवायचे, पोरांनी वाकवलेल्या टाचण्या सरळ करायच्या. संध्याकाळी पाच वाजता हा माणूस प्रेमराजच्या गोदामात जाऊन वेगळाच होऊन जायचा. प्रेमराज त्याचा कॉलेजातला मित्र, बँडचा गिटारवाला, आणि बापाच्या भांड्यांच्या दुकानाचा वारस. बँडचं नाव ‘गोफण’. तिसरा मेंबर ड्रमवाला हेमराज, तो जळगावहून शनिवारी एसटीने यायचा. सराव भांड्यांच्या गोदामात चालायचा, त्यामुळे हेमराजने पायाने जोर लावला की मांडणीवरच्या पराती आणि डबे आपोआप वाजायला लागायचे. प्रेमराजचे वडील म्हणायचे, ‘तुमच्या संगीताला धातूचं म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त माझा धातू चेपू नका.’

प्रेमराजला दुकानाची सवय होती. ताट ताटात, वाटी वाटीत, परात परातीत. संगीतही त्याने तसंच लावून ठेवलं होतं. हे थ्रॅश, हे डेथ, हे डूम, हे ब्लॅक. त्यात कोणी मिसळामिसळ केली की त्याच्या कपाळावर आठी. नवलला या वर्गवारीची चीड होती. इतकी चीड की त्यावर बोलताना तो गाण्याइतकाच ओरडायचा.

“राग आहे की नाही, एवढंच बघायचं,” तो म्हणायचा. “बाकी सगळी दुकानदारी.”

“दुकानदारी नाही,” प्रेमराज शांतपणे तारा पिळत म्हणायचा. “आपण स्टेजवर ‘जाळून टाका’ म्हणून ओरडतो, तेव्हा समोरची पोरं काडेपेटी काढतात का? नाही काढत. का? कारण त्यांना माहीत असतं, हे मेटल आहे. जॉनर, म्हणजे गाण्याचा प्रकार, हा ऐकणाऱ्याशी केलेला करार असतो.”

“वकील हो तू,” नवल म्हणायचा.

एका इंटरनेटवरच्या मासिकाने एकदा दोघांची मुलाखत घेतली, त्यातही हेच भांडण छापून आलं. ‘आम्ही जॉनर मानत नाही’ हे नवलचं वाक्य ठळक अक्षरात, आणि प्रेमराजचा करार खाली बारीक अक्षरात. नवल आठवडाभर खुशीत होता. आपण बरोबर आहोत याचा पुरावा म्हणून तो ती ठळक अक्षरं दाखवत फिरायचा. कोणाला एवढ्या तेवढ्यावरून आनंद होतो, तर होऊ द्यावा. पण त्या वाक्याचा त्याला पुढे फार त्रास व्हायचा होता.

नवलचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, टेंभपाडे नावाचं. गावाच्या अंगाला एक नाला आणि नाल्यापलीकडे खडकपाडे. दोन्ही गावांत सोयरीक, देवघेव, भांडणं, सगळं आहे. आणि वर्षातून एक दिवस, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही गावांच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. नुसत्या देत नाहीत, हेल काढून, टाळी देऊन, जोडून जोडून देतात. नवऱ्याच्या मिशीपासून सासूच्या दातापर्यंत काही सुटत नाही. एका काठावरून शिवी आली की दुसऱ्या काठावरून जवाब गेलाच पाहिजे, आणि तो सरस असला पाहिजे. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. उन्हं उतरली की सगळ्या जणी कोरड्या पात्रात उतरतात, वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चूळ भरतात, थुंकून टाकतात. तोंड धुतलं, शिव्या गेल्या. मग एकमेकींच्या लेकीबाळींची चौकशी करत, गुळाचा खडा चघळत सगळ्या घरी जातात.

अलीकडच्या काठाची पुढारी म्हणजे नवलची आई, सुनंदाबाई. एरवी तिचं बोलणं इतकं हळू की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नये. पण आखाजीला पदर कमरेला खोचून ती उभी राहिली की खडकपाड्याच्या बायका म्हणायच्या, उनी रे बाई तोफ, म्हणजे आली तोफ. आणि पलीकडच्या काठावर तिच्या तोडीस तोड एकच होती, यशोदाबाई. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागलेली. वर्षभर एकमेकींच्या घरी पापड लाटायला जायच्या आणि आखाजीला एकमेकींचं खानदान उभं-आडवं काढायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला नवल बाभळीमागे दडून बसला आणि त्याने हे सगळं रेकॉर्ड केलं. त्याच्या अंगावर काटा आला होता. आपण तीन वर्षं घसा फाडून जे शोधतोय ते आपल्या आईच्या तोंडात आयतं आहे, असं त्याला वाटलं. आणि ते खरंही होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

त्या दिवशी रंगात येऊन सुनंदाबाईने एक शिवी जरा जास्तच ताणली. “यशोदे, तुना घरमा दिवा लावाले कोनी ना ऱ्हावो!” शेवटचा स्वर तिने इतका वर नेला की पलीकडचा काठ क्षणभर गप्प झाला. मग यशोदाबाईने दम घेतला आणि जवाब फेकला, “सुनंदे, तुना नवलना गळा बसो, बोकडना मायक वरडो!”

“तो आते बी तसाच वरडस, बाई!” सुनंदाबाईने हात जोडले. दोन्ही काठ हसून हसून वाळूत बसले. बाभळीमागे नवललासुद्धा हसू आवरेना.

या रेकॉर्डिंगवरून त्याने गाणं केलं, ‘काठ’ नावाचं. सुरुवातीला फक्त गिटारचा एकच जड सूर, तो संपत येतो आणि सुनंदाबाईचा आवाज चढतो, यशोदे, तुना घरमा. ‘ना ऱ्हावो’ वर ड्रम कोसळतात आणि नवल तेच शब्द पोटातून गर्जतो. गोदामात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा हेमराज काठ्या खाली ठेवून नुसता बसून राहिला.

“जवाब कुठे आहे?” प्रेमराजने विचारलं. त्याने पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं होतं.

“कापला.”

“का?”

“त्यात हसतात सगळ्या. हसू आलं की धार जाते. मेटलमध्ये हसू बसत नाही.”

जॉनर न मानणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच जॉनरचं ऐकलं, आणि ते नेमकं तिथे ऐकलं. प्रेमराजने गिटार पुन्हा गळ्यात अडकवली. गाणं खरंच जबरदस्त झालं होतं, आणि ते अंगावर येत असताना वाद कोण घालणार.

गाणं चाललं. धुळ्या-जळगावच्या पोरांनी उचललं, मग पुण्याच्या, मग ज्यांना अहिराणीचं अक्षर कळत नाही अशांनी. एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. गावातही पोरांच्या मोबाइलवर ते वाजू लागलं, आणि आधी सगळ्यांना मौजच वाटली. यशोदाबाईचा एकुलता एक गिरधर नवलला साक्रीच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “भाऊ, मनी माय फेमस व्हयी गयी ना!” आणि त्याने नवलबरोबर फोटो काढून घेतला.

श्रावणात, संध्याकाळी साक्रीहून परत येताना गिरधरची मोटारसायकल मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. सव्वीस वर्षांचा पोरगा. लग्नाची बोलणी चालली होती.

गाण्याने माणूस मरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नवलला तर पक्कं माहीत होतं. पण पंधराच दिवसांत कोणीतरी गिरधरच्या फोटोवर ते गाणं लावून फिरवलं. ते कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिवा लावाले कोनी ना ऱ्हावो, आणि वर हसणारा गिरधर. मग मात्र दोन्ही गावांत जे कोणी बोलत नव्हते ते सगळे बोलू लागले. शिवी चुळीबरोबर गेलीच नाही, असं बायका म्हणू लागल्या. जाणार कशी? नवलने ती धरून ठेवली. ती रोज वाजते, आणि तिला जवाब नाही.

सुनंदाबाई दारावर जायला, म्हणजे यशोदाबाईला भेटून दुःखात दोन शब्द बोलायला, निघाली तेव्हा नाला उतरून वर चढताच एका म्हाताऱ्या अक्काने तिचा हात धरला. “आते नको येऊ, सुनंदा. तुना आवाज आठे बठ्ठा घरमा वाजस.” इथे घराघरात आपलाच आवाज वाजतो हे ऐकून सुनंदाबाई तिथूनच मागे फिरली. त्या दिवसापासून ती एकदाच जेवायची, आणि तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावायला नवलच्या वडिलांना सांगायची. आपल्या हाताने लावेना.

नवलने गाणं काढून टाकलं. महोत्सवाला येत नसल्याचं कळवलं, प्रेमराजने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण गाणं निघतं कुठे? लोकांनी उतरवून घेतलं होतं. लग्नाच्या डीजेवाल्यांनी त्याला ठेका लावला होता. एकदा कॉलेजच्या व्हरांड्यात एका पोराच्या खिशातून आईचा आवाज आला आणि नवलच्या हातातून काचेचं भिंग पडलं. ते त्याने गोळा केलं, नोंदवहीत फुटल्याचं लिहिलं आणि घरी जाऊन आडवा झाला.

“तू बोल ना काहीतरी,” तो प्रेमराजला म्हणाला. “म्हण, मी सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं मी?”

“करार.”

प्रेमराज कपड्याने एक पातेलं पुसत होता. “आखाजीचा करार तुझ्या आईला माहीत होता, यशोदाबाईंना माहीत होता,” तो म्हणाला. “आपण तो मोडला. तू एकट्याने नाही मोडला. मी विचारलं आणि मग वाजवत बसलो.” इतकी वर्षं भांडून नवलला जे समजलं नव्हतं ते आता समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता. शिवी ही शिवी केव्हा असते आणि गाणं केव्हा असतं, हे शब्दांवर नसतंच. समोर कोण उभं आहे आणि तिला उलट बोलायची सोय आहे की नाही, त्यावर असतं. नवलने सोय काढून घेतली होती.

मार्गशीर्षात तो गावी गेला तेव्हा आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. निम्मी झाली होती ती. तो शेजारी बसला तसं ती म्हणाली, “तुनाकडे तो जवाब शे का?”

“कोनता?”

“यशोदीना. तिनी दिन्ता ना. तू कापा.”

“शे. पूरा शे.”

“तो नही चालाव आते.” तिने शेंग दाणे न काढताच टोपलीत टाकली. “तो हासी-खुशीना व्हता. तू तिनाकडे जाय. नवा जवाब लई ये. तिले सांग, जितला मोठा देवाना व्हई तितला दे. मनावर दे, तुनावर दे. माले ऐकू दे तो. जवाब उना म्हंजे माले जेवान जाई.”

नवलला वाटलं, हे होण्यासारखं आहे. तो जवाब गाण्यात घालायचा, दोन्ही काठ असलेलं गाणं पुन्हा सोडायचं. आपल्यावर शिवी पडली तर पडली, तेवढी लायकी आपली आहेच. किती दिवसांनी त्याला काहीतरी करण्याजोगं सापडलं होतं. दुपारीच तो रेकॉर्डर खिशात घालून नाला उतरला.

यशोदाबाई अंगणात वाळत घातलेली मिरची उलटीपालटी करत होती. त्याला बघून ती थांबली नाही.

“काबर उना?”

“मावशी, मी गानं काढी टाकं.”

“मंग? काल लगीनमा वाजनं ना.”

तो खाली बसला. घरात कोणीतरी खोकत होतं, बहुतेक तिचा नवरा. खुंटीला गिरधरचं हेल्मेट अजून टांगलेलं होतं.

“मी ते पूरं आइकं नही,” यशोदाबाई म्हणाली. “लोके आइकाडतस ते तितलंच. लाव.”

नवलने मोबाइलवर लावलं. जड सूर, सुनंदाबाईचा चढता आवाज, मग ड्रम, मग तो स्वतः. साडेचार मिनिटं यशोदाबाई मिरचीवर हात ठेवून बसली होती. गाणं संपल्यावर तिने विचारलं, “हाऊ वरडस तो तू?”

“हा.”

“कोनवर इतला राग शे तुले?”

नवलने खरं सांगितलं. “कोनवरच नही, मावशी.”

“कोनवरच नही?” तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “मंग मनं नाव काबर लिधं?”

नवलने चाचरत चाचरत आईचा निरोप सांगितला. आई जेवत नाही, दिवा लावत नाही, जवाब मागते. मग त्याला वाटलं की मूळ जवाब तरी ऐकवावा, आठवण होईल, म्हणून त्याने पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. सुनंदे, तुना नवलना गळा बसो. आणि त्यावर फुटलेलं दोन्ही काठांचं हसू.

“हाई कोन हासस इतली?” यशोदाबाईने विचारलं. “मी शे का?”

“तूच शे, मावशी.”

ती ऐकत राहिली. हसू संपून नुसता वारा वाजायला लागला तेव्हा ती उठली. तिने मिरचीचे हात लुगड्याला पुसले, पदर कमरेला खोचला आणि अंगणाच्या कडेला, जिथून नाला दिसतो तिथे जाऊन उभी राहिली. नवलने घाईघाईने रेकॉर्डर चालू केला. पलीकडे बाभळीखाली एक बाई उभी होती. एवढ्या लांबूनही ती सुनंदाबाईच आहे हे कळत होतं.

यशोदाबाईने छाती भरून दम घेतला. “सुनंदे,” तिने हाक मारली, आणि आवाज अजून तसाच खणखणीत होता. “सुनंदे, तुना...”

पुढचा शब्द आला नाही. तिने पुन्हा दम घेतला. “तुना नवल...” ती थांबली, वळली, रेकॉर्डर धरून उभ्या असलेल्या नवलकडे तिने बघितलं. त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं आपल्या घरी आलेल्या कोणाच्या धडधाकट पोराकडे बघतात. तिचे ओठ हलत होते. मग तिने कमरेचा पदर सोडला.

“नही येत,” ती म्हणाली. “पह्यले येये. पह्यले काहीबी येये तोंडमा, कारन काही व्हयी नही हाई माहीत व्हतं. आते माले माहीत शे ते काय ऱ्हास. मी कशी देऊ कोनले?” तिचा आवाज चढला, आणि चढला तो नवलवर. “मना पोऱ्या गया. तुना गानाघाई नही गया, इतली अक्कल शे माले. पन तू माले साधी शिवी बी ऱ्हाऊ दिनी नही. ती तरी मनी व्हती. जाय. बंद कर ते, आनि जाय!”

ती मिरचीजवळ जाऊन बसली आणि पाठ फिरवली. नवलने रेकॉर्डर बंद केला. त्यात एक हाक होती, दोन अर्धी वाक्यं आणि एका बाईचा खरा राग होता. इतकी वर्षं तो ज्याच्यामागे होता तोच. चढण उतरताना त्याने ते पुसून टाकलं.

आई नाल्याच्या पात्रात येऊन उभी होती. वाळूत तिची चप्पल रुतली होती, ती काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

“मना नाव लिधं तिनी. माले ऐकू उनं,” ती म्हणाली. “शिवी दिनी का?”

“नही दिनी, माय.”

सुनंदाबाई खडकपाड्याच्या काठाकडे बघत राहिली. मग तिने नवलचा हात धरला.

“मंग आते मी काय करू?” तिने विचारलं.